युरोप कोणाच्या हातांनी बदलला?

युरोपचा विषय निघाला की आपल्याकडे दोन बाजू लगेच तयार असतात. एक म्हणते, गोऱ्यांनी जग लुटलं आणि त्या लुटीवर कारखाने उभे केले, बाकीच्या सगळ्या शोभेच्या गोष्टी. दुसरी म्हणते, त्यांनी धर्म बाजूला सारून बुद्धीची कास धरली, आपण पोथ्या कवटाळून बसलो, म्हणून ते पुढे गेले. रविवारच्या पुरवण्यांपासून गावोगावच्या व्याख्यानमालांपर्यंत हा वाद वर्षानुवर्षं चालू आहे आणि तो इंचभरही पुढे सरकलेला नाही. त्यात भर म्हणून स्पर्धा परीक्षांच्या नोट्समधली ती पाठ केलेली साखळी: १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडलं, ग्रीक पंडित इटलीला पळाले, प्रबोधन झालं, त्यातून धर्मसुधारणा, मग विज्ञान, मग वाफेचं इंजिन, मग औद्योगिक क्रांती. जणू फ्लोरेन्सहून सुटलेली गाडी ठरलेली स्टेशनं घेत मँचेस्टरला पोचली.

माझं म्हणणं वेगळं आहे. युरोपातल्या काही मोजक्या पट्ट्यांत, अख्ख्या खंडात नव्हे, डोक्याने काम करणारा आणि हाताने काम करणारा यांच्यातली भिंत तीनेकशे वर्षांत ढासळत गेली. ती पुन्हा बांधून काढण्याइतकी ताकद कोणा एका राजाकडे किंवा धर्मपीठाकडे नव्हती. लूट, कोळसा, छापखाना, तर्कबुद्धी हे सगळं या गोष्टीत आहेच. पण यांतल्या एकट्या कशाने यंत्रयुग येणार असतं, तर ते इंग्लंडच्या उत्तरेतल्या लँकेशायरच्या आधी दुसरीकडे कुठेतरी यायला हवं होतं.

आधी ती साखळी मोडू. मॅन्युएल क्रिसोलोरास हा बायझंटाइन विद्वान फ्लोरेन्समध्ये ग्रीक शिकवायला लागला १३९७ मध्ये, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडण्याच्या छप्पन्न वर्षं आधी. प्रबोधनाचा आद्य पुरुष मानला जाणारा इटालियन कवी पेत्रार्क १३७४ मध्येच वारला होता. फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलवरचा ब्रुनेलेस्कीचा प्रसिद्ध घुमट १४३६ मध्ये पुरा झाला. तुर्कांनी व्यापाराची वाट अडवली म्हणून समुद्रमार्ग शोधावा लागला, हे विधानही असंच सैल आहे. १४५३ नंतरही व्हेनिसचे व्यापारी अलेक्झांड्रियात मिरी खरेदी करतच होते आणि इजिप्त तुर्कांच्या हाती गेला तो १५१७ मध्ये, वास्को द गामा कालिकतला उतरल्यावर एकोणीस वर्षांनी. तारखांची ही चूक एक वेळ सोडून देऊ. भूगोलाचं काय करायचं? प्रबोधन इटलीत झालं आणि कारखाने इंग्लंडच्या उत्तरेला, पावसाळी, एरवी कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं अशा मुलखात. बोलोन्यात रेशमाला पीळ देणारी पाण्यावर चालणारी यंत्रं इंग्लंडच्या कितीतरी आधी होती. जॉन लोंब नावाचा इंग्रज इटलीत जाऊन अशा यंत्रांची रचना गुपचूप टिपून आला आणि त्याचा सावत्र भाऊ थॉमस याने १७२१ च्या सुमारास डर्बीला नदीकाठी गिरणी उभी केली. प्रबोधनातून आपोआप कारखाना निघत असेल, तर ज्यांच्याकडे प्रबोधनही होतं आणि यंत्रही होतं ते मागे का पडले?

लुटीची बाजू मात्र हसण्यावारी नेता येत नाही. १७६५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली. त्यानंतर कंपनी बंगालच्याच रयतेकडून वसूल केलेल्या साऱ्यातून बंगालचा माल विकत घेऊन विलायतेला धाडू लागली. याला व्यापार म्हणत नाहीत. भारतातून येणाऱ्या छापील कापडावर इंग्लंडने १७०० मध्ये बंदी घातली आणि १७२१ मध्ये तर बहुतेक सुती छापील कापड वापरणंही गुन्हा ठरवलं. मुक्त व्यापाराचे गोडवे नंतर गाणाऱ्या देशाने आपला कापडधंदा कायद्याच्या आडोशाने वाढवला, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळक अक्षरांत यायला हवं. आणि लँकेशायरच्या चात्यांना लागणारा कापूस आधी कॅरिबियन बेटांतून आणि पुढे मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिणेतून आला. तो वेचणारे हात गुलामांचे होते. मँचेस्टरच्या भरभराटीतून हे हात वजा करून दाखवावेत, मग बुद्धीच्या विजयाबद्दल बोलू.

एवढं मान्य केल्यावरही प्रश्न उरतोच. लुटीने कारखाने येत असते तर पहिला कारखाना स्पेनमध्ये यायला हवा होता. १५४५ मध्ये दक्षिण अमेरिकेतला पोतोसीचा चांदीचा डोंगर स्पेनच्या हाती लागला. इतकी चांदी एका राजघराण्याकडे त्याआधी कधी वाहिली नव्हती. आणि फिलिप दुसऱ्याच्या कारकिर्दीत स्पेनच्या तिजोरीने १५५७, १५७५ आणि १५९६ मध्ये हात वर केले. चांदी सेव्हिलला उतरायची आणि लढायांच्या खर्चापायी जिनोव्हाच्या सावकारांकडे नि अँटवर्पच्या बाजारात निघून जायची. पोर्तुगालची कथा तर आपल्या अंगणातली. १५१० पासून गोवा हाताशी, मसाल्याच्या वाटा हाताशी, अठराव्या शतकात ब्राझीलचं सोनं, आणि अटलांटिकपलीकडे सर्वाधिक गुलाम उतरले तेही ब्राझीलमध्येच. तरीही लिस्बनचं मँचेस्टर झालं नाही. ते सोनं बरंचसं इंग्रजी कापडाच्या बदल्यात लंडनला गेलं.

शिवाय कालक्रम पाहा. बंगालच्या पैशावर वाफेचं इंजिन झालं असं आपल्याकडे फार ठासून सांगितलं जातं. प्लासीची लढाई १७५७ ची. अब्राहम डार्बीने कोलब्रुकडेलला कोक (भाजून शुद्ध केलेला दगडी कोळसा) वापरून लोखंड गाळलं १७०९ मध्ये. न्यूकोमनचं इंजिन डडलीजवळच्या कोळशाच्या खाणीतून पाणी उपसू लागलं १७१२ मध्ये. डर्बीची गिरणीही प्लासीच्या साडेतीन दशकं आधीची. रिचर्ड आर्कराइट हा न्हावी, केसांचे टोप बनवणारा. त्याला भांडवल दिलं ते होजिअरीच्या धंद्यातल्या जेडेडाया स्ट्रट आणि सॅम्युअल नीड यांनी. पहिल्या गिरण्यांना लागणारा पैसा गावातल्या सावकारीत जमण्याजोगा होता. साम्राज्याने गिरणीला बाजार दिला, कच्चा माल दिला, तिचे प्रतिस्पर्धी मारले. पण ती सुचली कशी, हे त्यातून कळत नाही.

लुटीचीच कथा सांगणारे लोक एक गोष्ट नकळत आपल्याच पदरातून काढून टाकतात. त्यांच्या कथेत भारतीय माणूस फक्त लुटला जातो. प्रत्यक्षात इंग्रज कारागीर शंभर वर्षं धावत होते ते भारतीय विणकराला गाठायला. त्यांचं सुती सूत इतकं कच्चं असायचं की ताण्याला लिननचं सूत वापरून बाण्यालाच कापूस लावावा लागे. आर्कराइटच्या १७६९ च्या यंत्राने ताण्याजोगं घट्ट सूत दिलं आणि मलमलीच्या जवळ जाणारं बारीक सूत निघालं ते १७७९ च्या सुमारास सॅम्युअल क्रॉम्प्टनच्या ‘म्यूल’ या सूतकताई यंत्रावर. ढाक्याचा आणि कोरोमंडलचा विणकर हे औद्योगिक क्रांतीचे बळी होतेच. त्याआधी ते तिचं कारण होते.

आता बुद्धिवाद्यांकडे वळू. जोर्दानो ब्रूनोला १६०० मध्ये रोममध्ये जाळलं, गॅलिलिओला १६३३ मध्ये गुडघे टेकायला लावलं, हे खरंच घडलं आणि त्याची सफाई देण्यात अर्थ नाही. मोजून पाहा, करून पाहा, कोणाच्या शब्दावर विसंबू नका, ही वृत्ती या काळात रुजली हेही खरं. पण ‘धर्म हरला, बुद्धी जिंकली’ हे वाक्य पुराव्यापुढे टिकत नाही. चेटकिणी म्हणून बायकांना जाळण्याचा कळस मध्ययुगात झाला नाही. तो झाला १५६० ते १६५० च्या दरम्यान, छापखान्याच्या आणि धर्मसुधारणेच्या युरोपात. ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार आहेत हे शोधणारा केप्लर पत्रिका मांडायचा. त्याच्या म्हाताऱ्या आईवर चेटूक केल्याचा खटला चालला आणि बिचारा वकिली कागद लिहीत बसला. न्यूटनने किमया आणि बायबलच्या कालगणनेवर ढीगभर लिहून ठेवलं. विद्वानांच्या पत्रव्यवहाराचं जाळं पॅरिसमधून चालवणारा मेर्सेन हा साधू होता. यंत्रमागाचं पहिलं पेटंट घेणारा कार्टराइट पाद्री. डार्बी क्वेकर, म्हणजे राजमान्य चर्चबाहेरच्या एका प्रॉटेस्टंट पंथाचा. ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारं ज्यांना पंथभेदामुळे बंद होती त्या मंडळींनी स्वतःच्या अकादम्या काढल्या आणि तिथे व्यवहारोपयोगी विषय शिकवले. रसायनशास्त्रज्ञ प्रीस्टली अशाच एका अकादमीत, वॉरिंग्टनला शिकवायचा. ही माणसं भाविक होती. काहींची श्रद्धा तर राजमान्य धर्मापेक्षा कडवी होती.

मग बदललं काय? गॅलिलिओच्या शेवटच्या मोठ्या ग्रंथाची सुरुवात बघा. ताऱ्यांपासून नाही, ती व्हेनिसच्या जहाजांच्या कारखान्यापासून होते. तिथले कारागीर अवजड सांगाडे कसे टेकवतात, मोठं गलबत पाण्यात सोडताना लहानापेक्षा जास्त जपावं का लागतं, यातून पदार्थांच्या बळाचं शास्त्र निघतं. विद्यापीठातला प्राध्यापक सुताराला विचारतो, आणि विचारल्याचं छापून कबूल करतो. ब्रुनेलेस्की सोनारकाम शिकलेला. पॅरिसच्या ज्ञानकोशाचा संपादक दिदेरो सुऱ्या-कात्र्या बनवणाऱ्याचा मुलगा. त्या कोशात देवधर्म आणि राजकारणावरच्या नोंदींइतकीच काचकाम, मोजे विणणं, टाचण्या बनवणं यांची तपशीलवार चित्रं आहेत.

या देवाणघेवाणीचा सगळ्यात चांगला नमुना म्हणजे हवेचा दाब. चोषक पंपाने दहाएक मीटरच्या वर पाणी चढत नाही, ही पंप बसवणाऱ्यांची रोजची अडचण. ती इटलीतल्या विद्वानांच्या कानावर गेली आणि १६४३ मध्ये टॉरिचेलीने पाऱ्याच्या नळीतून उत्तर काढलं: आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो आणि त्या हवेला वजन आहे. माग्देबुर्ग शहराचा कारभारी ओटो फॉन गेरिके याने धातूचे दोन अर्धगोल जुळवून, आतली हवा काढून, दोन्हीकडे घोडे जुंपून ते सुटत नाहीत हे दाखवलं. देनी पापँ या फ्रेंच प्रॉटेस्टंटाने १६९० मध्ये सिलिंडरातल्या वाफेचं पाणी करून हवेच्या दाबाने दट्ट्या खाली आणण्याची कल्पना मांडली. आणि डार्टमथचा लोखंडी सामानाचा व्यापारी न्यूकोमन याने ती खाणीच्या तोंडाशी उभी केली. न्यूकोमनपर्यंत यातलं नेमकं काय पोचलं होतं, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण पुढच्या टप्प्याबद्दल शंका नाही. जेम्स वॉट ग्लासगो विद्यापीठात उपकरणं दुरुस्त करायचा. न्यूकोमनच्या इंजिनाचं नादुरुस्त मॉडेल त्याच्याकडे आलं. उष्णतेवर संशोधन करणारे जोसेफ ब्लॅक त्याच विद्यापीठात प्राध्यापक, आणि हा मिस्त्री त्यांच्याशी बरोबरीने बोलायचा. तरीही त्याचं इंजिन कित्येक वर्षं नीट चालेना, कारण अचूक गोल सिलिंडर कोणाला करता येत नव्हता. तो प्रश्न सोडवला जॉन विल्किन्सनने. तोफांच्या नळ्या कोरण्याचं यंत्र त्याच्याकडे होतं. पन्नास इंची सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंगच्या जाडीइतकीही चूक नाही, असं वॉटचा भागीदार बोल्टन याने लिहून ठेवलं आहे.

हे सारं सुरळीत, गुण्यागोविंदाने झालं असं नाही. समुद्रावर रेखांश काढण्यासाठी इंग्लंडच्या संसदेने १७१४ मध्ये वीस हजार पौंडांचं बक्षीस लावलं. ते ज्याने कमावलं तो जॉन हॅरिसन सुतार होता, आणि खगोलशास्त्र्यांच्या मंडळाने त्याला म्हातारा होईपर्यंत झुलवलं. भिंत सगळीकडे होती. काही ठिकाणी तिला भगदाडं पडली इतकंच. आपल्याकडे आजही आयटीआयचा फिटर आणि इंजिनिअरिंगचा पदवीधर एकाच कारखान्यात दोन वेगळ्या उपाहारगृहांत जेवताना दिसतात, तेव्हा हॅरिसनच्या हालांकडे फार वरून पाहू नये.

भगदाडं बुजवली का गेली नाहीत? कारण बुजवणारे अनेक होते आणि त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. गॅलिलिओचा तो ग्रंथ इटलीत छापता येईना. तो १६३८ मध्ये हॉलंडमध्ये लायडनला छापला गेला. चौदाव्या लुईने १६८५ मध्ये प्रॉटेस्टंटांचं संरक्षण काढून घेतलं आणि फ्रान्समधले विणकर, घड्याळजी, कागदवाले लंडन, ॲमस्टरडॅम, बर्लिनला गेले. एका राजाचा मूर्खपणा दुसऱ्याच्या पथ्यावर पडला. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण गोव्यातलं आहे. भारतातला पहिला छापखाना गोव्यात १५५६ मध्ये आला. गार्सिया द ओर्ता या वैद्याने, ज्याला मुंबई बेट भाडेपट्ट्याने मिळालं होतं, इथल्या वनौषधींवर लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला. ओर्ता मूळचा ज्यू घराण्यातला. त्याच्या मृत्यूनंतर इन्क्विझिशनने, म्हणजे कॅथलिक धर्मन्यायालयाने, त्याच्या बहिणीला जाळलं आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली. पण त्याआधीच, १५६७ मध्ये, क्लूसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप अँटवर्पला छापला होता आणि तो उत्तर युरोपभर वाचला जात होता. हळद, दालचिनी, आंबा यांचं ज्ञान गोव्याच्या बाजारातून निघालं आणि वापरात आलं दुसऱ्यांच्या. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्यातली छपाई थंडावली ती १८२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. छापखाना आला की प्रबोधन आलं असं मानणाऱ्यांनी या मधल्या दीडशे वर्षांचा हिशेब द्यावा.

या मांडणीवर दोन आक्षेप वजनदार आहेत. पहिला कोळशाचा. न्यूकोमनचं इंजिन इतकं कोळसाखाऊ होतं की ते खाणीच्या तोंडाशीच, जिथे चुरा जवळजवळ फुकट, तिथेच परवडायचं. इंग्लंडमध्ये मजुरी महाग, कोळसा स्वस्त. म्हणून माणसाऐवजी यंत्र लावणं तिथे फायद्याचं ठरलं आणि इतरत्र ठरलं नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. यंत्रयुग लायडनला न येता लँकेशायरला का आलं, याचं उत्तर कोळशातच आहे. हॉलंडकडे डोकं, हात, पैसा, स्वातंत्र्य सगळं होतं आणि जाळायला मुख्यतः पीट, म्हणजे दलदलीतली अर्धवट कुजलेली वनस्पतींची माती. पण कोळसा चीनकडेही होता आणि अकराव्या शतकात तो लोखंड गाळायला वापरलाही जात होता. कोळसा जागा सांगतो, रीत सांगत नाही.

दुसरा आक्षेप आपल्या जवळचा आणि अधिक अवघड. अठराव्या शतकातला हिंदुस्थानही तुकड्यातुकड्यांत होता की! पुणे, हैदराबाद, म्हैसूर, अवध, लाहोर, सगळे एकमेकांवर टपलेले. काशीचा पंडित एका दरबारातून दुसऱ्या दरबारात जात होता, त्याचे ग्रंथ सर्वत्र वाचले जात होते. मग इथे भगदाडं का पडली नाहीत? माझ्या मते इथली भिंत राजाने बांधलेली नव्हती, म्हणून राजे बदलून ती पडत नव्हती. रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदू रसायनविद्येचा इतिहास लिहिताना हेच बोट ठेवलं: कला-कौशल्याची कामं खालच्या मानलेल्या जातींकडे ढकलली गेली, विचार करणारा वर्ग प्रत्यक्ष क्रियेपासून तुटला आणि ‘का’ व ‘कसं’ विचारणारी दृष्टी गेली. कुवतीचा प्रश्न नव्हताच. मुंबईच्या गोदीत जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्यातले अर्देशीर कर्सेटजी यांनी १८३४ मध्ये माझगावचं आपलं घर गॅसच्या दिव्यांनी उजळलं आणि १८४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य झाले. तरफा, धातू, लाकूड हाताळणाऱ्या घरातून आलेला माणूस पुस्तकापर्यंत पोचू शकला, कारण त्या घराला दोन्हीपैकी काहीच निषिद्ध नव्हतं. वसाहतीच्या राज्यात असं दुसरं घर सहज उभं राहत नव्हतं, हेही तितकंच खरं. आणि इथे लुटीची बाजू पुन्हा आपला हक्क सांगू शकते.

युरोप ‘प्रगत झाला’ असं मी एवढ्या वेळात म्हटलेलं नाही, बदलला म्हणालो. १८४२ मध्ये एडविन चॅडविकने इंग्लंडच्या कष्टकऱ्यांच्या आरोग्याचा अहवाल दिला. मँचेस्टरमध्ये मजूर कुटुंबांत मृत्यूचं सरासरी वय सतरा होतं, ग्रामीण रटलंडच्या मजुरांत अडतीस. तान्ही मुलं पटापट मरायची म्हणून सरासरी इतकी खाली, पण तेच तर सांगायचं आहे. यंत्रं फोडणाऱ्या कारागिरांसाठी १८१२ मध्ये फाशीची शिक्षा आली. नऊ वर्षांखालच्या मुलांना कापडगिरण्यांत राबवू नये हा नियम खऱ्या अर्थाने लागू व्हायला १८३३ उजाडावं लागलं. हातमागावरचा इंग्रज विणकर त्याच दशकांत उपाशी मरत होता ज्या दशकांत बंगालचा विणकर. ज्या हातांची विद्या विद्वानांनी उचलली त्याच हातांना यंत्राने बेकार केलं, हा माझ्या मांडणीतला सगळ्यात अडचणीचा भाग आहे आणि तो मला टाळायचा नाही.

म्हणूनच ‘इंग्लंडने केलं’, ‘युरोपने केलं’ अशी वाक्यं मला खटकतात. चोरलेल्या नकाशावर डर्बीची गिरणी उभारणाऱ्या याच इंग्लंडने कुशल कारागिरांनी देश सोडून जाण्यावर १८२४ पर्यंत आणि कापडयंत्रांच्या निर्यातीवर १८४३ पर्यंत बंदी ठेवली होती. बंदी उठली, आणि १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली. ओल्डहॅमची प्लॅट ब्रदर्स ही कंपनी मुंबईच्या गिरण्यांना चाती आणि साचे विकून गब्बर झाली. तिथून हाकेच्या अंतरावर मँचेस्टरचे गिरणीमालक याच मुंबईच्या कापडाविरुद्ध सरकारदरबारी खेटे घालत होते. त्यांच्या दबावाखाली १८८२ मध्ये विलायती कापडावरची आयात जकात गेली. सरकारला पैशाची चणचण भासून जकात परत आली, तेव्हा १८९६ मध्ये तिच्या जोडीला भारतीय गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला. तो १९२५-२६ पर्यंत रत्नागिरी-साताऱ्याहून आलेल्या गिरणी कामगाराने विणलेल्या प्रत्येक ताग्यावर वसूल होत राहिला, आणि ज्या साच्यावर तो तागा विणला जात होता तो बहुधा लँकेशायरचाच असायचा.